कुत्र्याच्या पिल्लाला खाऊ देऊन शिकवताना

घरात आलेले पिल्लू पहिल्या दिवसापासून शिकू लागते, मग त्याला कोणी शिकवायला बसो वा न बसो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी केकाटल्यावर भाकरीचा तुकडा मिळाला, तर केकाटणे उपयोगाचे आहे हे ते शिकते. मुकाट बसल्यावर तोच तुकडा मिळाला, तर मुकाट बसणे उपयोगाचे आहे हे शिकते. बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीत माणूस हाच व्यवहार जाणीवपूर्वक चालवतो. हवी ती कृती घडली की तत्काळ काही चांगले द्यायचे, आणि नको त्या कृतीतून पिल्लाला काहीही मिळू द्यायचे नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पेटीत ठेवलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले. ज्या कृतीचा शेवट समाधानात होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा त्यांतून निघालेला नियम पिल्लांच्या आजच्या शिक्षणाचाही पाया आहे.

पिल्लू किती वयाचे आणावे, हा प्रश्न शिक्षणाशी थेट जोडलेला आहे. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि यामागे सबळ कारण आहे. भावंडांशी खेळताना जोराने चावले की समोरचे पिल्लू किंचाळते आणि खेळ थांबतो. दात किती जोराने लावायचे याचा पहिला धडा पिल्लाला तेथेच मिळतो, आणि महिन्याभरात आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो. म्हणून कोणी पाच आठवड्यांचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ असे सांगून देऊ लागले, तर ते घेऊ नये.

जातीमुळे पद्धत बदलत नाही, फक्त बक्षिसाची आवड आणि शिकण्याची चाल बदलते. लॅब्रॅडोरचे पिल्लू बहुधा कोणत्याही खाऊवर खूश असते. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात पाळल्या जाणाऱ्या कारवान व मुधोळ जातीच्या कुत्र्यांची शिकारीतील मदार नजरेवर असते, त्यामुळे पळणारी कोणतीही वस्तू त्यांना खाऊपेक्षा मोलाची वाटू शकते. त्यांच्यासाठी दोरीला बांधलेल्या चिंधीमागे धावू देणे हेच उत्तम बक्षीस ठरते. ही कुत्री हळव्या स्वभावाची असतात आणि आवाज चढवला की मनाने मिटून जातात. गल्लीतून उचलून आणलेले गावठी पिल्लूही तितकेच चटकन शिकते, किंबहुना माणसाच्या हालचालींवर त्याचे लक्ष अधिक असते, असे माझे मत आहे.

वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे, नाक लघवीत घासणे, गळ्याला आवळणाऱ्या साखळीने हिसका देणे हे उपाय अजूनही अनेक घरांत वडीलधाऱ्यांकडून सुचवले जातात, आणि ते सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु मार खाल्लेले पिल्लू काय करू नये हे क्वचितच शिकते. कोणासमोर करू नये हे मात्र पक्के शिकते, आणि पुढे हात अंगावर येताना दिसला की अंग चोरते किंवा दात दाखवते. अमेरिकेतील पशुवर्तनविषयक पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ साली जाहीर केलेल्या भूमिकेत सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्याच पद्धती वापराव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे.

खाऊ कोणता द्यावा

शिकवताना द्यायचा खाऊ मऊ, वास येणारा आणि अगदी लहान असावा. मोठ्या जातीच्या पिल्लाला वाटाण्याएवढा आणि लहान जातीच्या पिल्लाला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा पुरतो, कारण पिल्लाला महत्त्व असते ते खाऊ मिळण्याला, त्याच्या आकाराला नव्हे. चघळण्यात वेळ गेला की ते काय केल्याबद्दल मिळाले हेही विसरले जाते. मीठ-मसाला न घालता उकडलेले कोंबडीचे मांस, उकडलेले अंडे, थोडे पनीर, वाफवलेले गाजर किंवा फरसबी आणि बिया काढलेले सफरचंद हे पदार्थ कोणत्याही घरात सहज निघतात. शाकाहारी घरात पनीर व अंडे दोन्ही नको असल्यास रोजच्या कोरड्या आहारातीलच दाणे बाजूला काढून वापरावेत. दिवसभरातील एकूण खाऊ पिल्लाच्या रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, आणि जितका खाऊ दिला तितके जेवण कमी करावे.

घरात खाऊच्या दोन प्रती ठरवून घेतल्या तर काम सोपे होते. रोजच्या आहाराचे दाणे किंवा साधे, बिनमिठाचे चुरमुरे घरातील सोप्या सरावासाठी, आणि कोंबडीचे तुकडे रस्त्यावरच्या, गोंगाटातल्या अवघड सरावासाठी. सगळीकडे कोंबडीच दिली तर अवघड प्रसंगी देण्यासाठी हातात काही उरत नाही.

काय देऊ नये, हे कोल्हापुरात विशेष सांगावे लागते, कारण येथे घरातील ताटातला घास जनावराला घालणे हा मायेचाच भाग मानला जातो. तांबडा-पांढरा रस्सा, सुके मटण किंवा रस्सा लावलेली भाकरी पिल्लाला देऊ नये; कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात, आणि ते शिजवल्याने निर्धोक होत नाहीत. मटणाचे शिजवलेले हाड तुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि तासगावचा बेदाणा आपल्याकडे घरोघरी असल्याने लहान मुलांना हे आवर्जून सांगून ठेवावे. चॉकलेट तसेच झायलिटॉल ही गोडी असलेले च्युइंगगम हीसुद्धा विषेच आहेत. दुधाविषयी मतभेद होतात, पण गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध माणसाला कितीही मानवले तरी आईचे दूध तुटलेल्या पिल्लाला त्यातील साखर नीट पचत नाही आणि जुलाब लागतात. त्यामुळे दूध हे बक्षीस म्हणून वापरू नये.

क्षण आणि खूण

या पद्धतीचा जीव खाऊत नसून क्षण साधण्यात आहे. पिल्लू बसले, आपण कौतुकाने हसलो, खिशात हात घातला, पिशवीची गाठ सोडली आणि तुकडा पुढे केला, तोवर पिल्लू उठून आपल्या पायावर पाय टाकून उभे असते. मिळालेला तुकडा त्याच्या हिशेबी पाय टाकल्याबद्दल असतो. बक्षीस कृतीनंतर एका सेकंदाच्या आत पोहोचले पाहिजे, आणि प्रत्यक्षात ते नेहमी शक्य नसते. म्हणून खुणेचा एक शब्द तयार करावा लागतो. ‘हां!’ किंवा ‘वा!’ असा एकाक्षरी, रोजच्या बोलण्यात त्या सुरात न येणारा शब्द निवडावा, तो उच्चारावा आणि लगेच तुकडा द्यावा. असे एका बैठकीत दहा-बारा वेळा करावे. पिल्लाकडून या वेळी काहीही करून घ्यायचे नाही. काही बैठकांनंतर तो शब्द ऐकताच पिल्लू खाऊच्या अपेक्षेने मान वळवू लागले, की शब्दाला अर्थ आला असे समजावे. यानंतर पिल्लाचे बूड जमिनीला टेकते त्याच क्षणी ‘हां!’ म्हणता येते आणि खाऊ दोन सेकंदांनी मिळाला तरी चालते, कारण बक्षीस कशाबद्दल होते हे त्या शब्दाने पिल्लाला सांगितलेले असते. शब्दाऐवजी क्लिकर नावाचे टक् असा आवाज करणारे साधन मिळते. तेही चांगले, परंतु घरात चार माणसे असतील तर सर्वांच्या तोंडी असणारा शब्द मला अधिक सोयीचा वाटतो.

खुणेचा शब्द उच्चारला की खाऊ दिलाच पाहिजे, अगदी चुकून उच्चारला असला तरी. शब्द पोकळ ठरू लागला की सारी उभारणी ढासळते.

बैठक तीन ते पाच मिनिटांची असावी आणि दिवसातून तीन-चार वेळा व्हावी. पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते. झोपेतून उठवून किंवा भरल्या पोटी शिकवू नये. शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय फाकतात, म्हणून सतरंजी किंवा धुतलेले पोते अंथरून त्यावर सराव घ्यावा.

पहिला आठवडा: स्वच्छता

पिल्लू घरात कोठेही लघवी करते, यामागे हट्ट नसतो. त्याच्या मूत्राशयाची धारणाशक्ती कमी असते, आणि ढोबळ मानाने वयाचे जितके महिने तितक्या तासांत एक मिळवला, की दिवसा ते जास्तीत जास्त किती वेळ थांबू शकेल याचा अंदाज येतो. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांपेक्षा अधिक अपेक्षा ठेवणे चूक आहे, आणि खेळताना तर ते अर्धा तासही थांबत नाही. झोपेतून उठल्यावर, जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला न चुकता ठरलेल्या जागी न्यावे. जमीन हुंगत गोल फिरणे, एकाएकी खेळ सोडून कोपऱ्याकडे जाणे ही खूण दिसली की घड्याळाकडे न पाहता उचलून न्यावे.

जुन्या पेठांतील घरांना परडे असते, तेथे एक कोपरा ठरवावा. ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये गॅलरीत मातीचा वा हिरवळीचा ट्रे ठेवावा. पिल्लू पट्ट्याला बांधून त्या जागी उभे राहावे, त्याच्याशी खेळू नये, बोलू नये. लघवी सुरू होताना नव्हे तर संपतासंपता ‘हां!’ म्हणावे आणि तेथल्या तेथे सर्वांत आवडता खाऊ द्यावा. घरात परत आल्यावर खाऊ दिला, तर पिल्लाच्या दृष्टीने बक्षीस घरात येण्याचे असते. आणखी एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काम उरकताच पिल्लाला आत आणले, तर लघवी केली की बाहेरची मजा संपते असे ते शिकते आणि जाणूनबुजून रेंगाळू लागते. म्हणून बक्षीस दिल्यावर पाच मिनिटे तेथेच हुंगू द्यावे, खेळू द्यावे.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हा काळ या शिक्षणाला सर्वांत अवघड जातो. संततधारेत पिल्लू परड्यात पाऊल टाकायला तयार होत नाही आणि माणूसही कंटाळतो. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लू आणले असेल तर सोप्याच्या पत्र्याखाली कोरडी राहील अशी जागा आधीच ठरवावी, तेथे परड्यातली थोडी माती पसरावी, आणि पाऊस उघडला की हळूहळू मूळ जागेकडे सरकावे.

घरात चूक झालीच तर ती आपल्या लक्ष ठेवण्यातली चूक असते. प्रत्यक्ष करताना दिसले तर हलक्या आवाजाने लक्ष वेधून उचलावे व जागेवर न्यावे. नंतर दिसले तर गुपचूप पुसावे, कारण पाच मिनिटांपूर्वीच्या कृतीचा आणि आताच्या रागाचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. फिनेलने पुसल्यावर आपल्याला वास गेला असे वाटते, पण कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो आणि ते त्याच जागी परत जाते, शिवाय ओल्या फिनेलवर पिल्लाचे पंजे पडले तर ते चाटण्यातून पोटात जाते. प्राण्यांच्या मूत्रासाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. ते नसल्यास साबणाने धुऊन पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसावे.

बस, ये आणि सोड

‘बस’ शिकवणे सोपे आहे. खाऊ चिमटीत धरून पिल्लाच्या नाकाला लावावा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते आणि बूड आपोआप खाली येते. ते टेकताच ‘हां!’ आणि खाऊ. पाठीवर दाबून बसवू नये. असे चार-पाच वेळा झाले की हातात खाऊ न घेता तीच खूण करावी आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यावा. हा टप्पा टाळल्यामुळेच खाऊ दाखवल्याशिवाय पिल्लू ऐकत नाही अशी तक्रार पुढे येते. आधी दाखवलेला खाऊ ही लाच होते, कृतीनंतर मिळालेला खाऊ हे बक्षीस असते. रिकाम्या हाताच्या खुणेवर पिल्लू न चुकता बसू लागले की खुणेच्या क्षणभर आधी ‘बस’ हा शब्द एकदाच उच्चारावा. ‘बस बस बस’ असे म्हणत राहिल्यास पिल्लाला चौथ्या शब्दावर बसण्याची सवय लागते.

घरातल्या सर्वांनी शब्द एकच वापरावेत. आजी ‘हिकडं ये’ म्हणते, मुलगा ‘कम’ म्हणतो आणि वडील नुसती शीळ घालतात, अशा घरात पिल्लू कोणाचेच ऐकत नाही आणि दोष मात्र पिल्लाला लागतो. ठरलेले शब्द कागदावर लिहून फ्रीजवर लावावेत.

‘ये’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे, कारण रस्त्यावर सुटलेल्या कुत्र्याचा जीव त्यावर वाचतो, आणि तोच शब्द आपण सर्वांत निष्काळजीपणे वापरतो. आंघोळ घालायची, औषध पाजायचे, नख कापायचे किंवा चप्पल कुरतडल्याबद्दल बोलायचे असेल तेव्हा ‘ये’ म्हणून बोलावू नये. स्वतः जाऊन पिल्लाला घ्यावे. या शब्दानंतर पिल्लाला कायम चांगलेच मिळाले पाहिजे. आरंभी तीन-चार पावलांवरून, पिल्लू आपल्याकडे यायला निघालेलेच असताना ‘ये’ म्हणावे, पोहोचताच खुणेचा शब्द आणि एकामागून एक तीन-चार तुकडे द्यावेत, आणि त्याला परत खेळायला सोडून द्यावे. बोलावले की पट्टा लागतो आणि खेळ संपतो असा अनुभव आला की चार महिन्यांचे पिल्लू बोलावल्यावर उलट दिशेला पळू लागते. दोन माणसांनी खोलीच्या दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलावणे हा खेळ मुलांनाही आवडतो. उघड्यावरचा सराव दहा मीटरच्या दोरीवर घ्यावा, आणि दोरी गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसला बांधावी. ‘यू यू’ ही हाक मात्र आपल्या कुत्र्यासाठी वापरू नये. गल्लीतला प्रत्येक जण कोणत्याही कुत्र्याला तशीच हाक मारतो, आणि आपले कुत्रे अनोळखी माणसाकडे धावत गेलेले आपल्याला परवडत नाही.

‘सोड’ शिकवताना कोल्हापूर संस्थानातील चित्त्यांची आठवण ठेवावी. काळविटाच्या शिकारीसाठी येथे चित्ते पाळले जात आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. चित्त्यांकडून शिकार करवून घेण्याच्या भारतीय पद्धतीत, काळवीट धरून बसलेल्या चित्त्याला ओढून बाजूला केले जात नसे. लाकडी पळीत शिकारीचे ताजे रक्त घेऊन ती त्याच्या तोंडासमोर धरत, तो चाटू लागला की पकड सुटे आणि शिकार काढून घेता येई. पिल्लाच्या तोंडातील पायमोजा काढतानाही हाच मार्ग आहे. जबडा उचकटू नये, मागे धावू नये. नाकाशी कोंबडीचा तुकडा न्यावा, वस्तू सुटताच ‘हां!’ म्हणून तो द्यावा, आणि वस्तू निरुपद्रवी असेल तर ती परत द्यावी. सोडल्याने काहीच गमवावे लागत नाही अशी खात्री पटलेले कुत्रे पुढे वस्तू राखत बसत नाही आणि ती घेणाऱ्यावर गुरगुरतही नाही. पाच-सहा दिवस अशी अदलाबदल सुरळीत झाली की तुकडा पुढे करण्याच्या आधी ‘सोड’ हा शब्द जोडावा.

चावणे

पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण तीन ते सात महिन्यांच्या दरम्यान पडून त्या जागी ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवत असल्याने ते हात, पदर, पँट, खुर्चीचा पाय, जे समोर येईल ते चावते. दात लागताच हालचाल थांबवावी, हात झटकू नये, कारण हलणारी वस्तू पिल्लाला आणखी चेतवते. शांतपणे उठून वीस-तीस सेकंद पाठ फिरवावी, आणि परत आल्यावर हाताऐवजी चावण्याचे खेळणे किंवा गोठवलेले गाजर पुढे करून, ते चावल्याबद्दल कौतुक करावे. संध्याकाळी पिल्लू वेड लागल्यासारखे धावत चावत सुटले तर बहुधा ते दमलेले असते. त्या वेळी शिकवण्यापेक्षा अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात झोपवणे बरे. एक सूचना शिक्षणाबाहेरची, पण टाळता न येणारी: दाताने वा नखाने कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, पिल्लू कितीही घरातले असले तरी.

जगाची ओळख

तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाची घडण ठरवतो. या काळात जे पाहिले, ऐकले, हुंगले ते पुढे ओळखीचे राहते आणि जे राहून गेले त्याची भीती बसू शकते. अडचण अशी की लसीकरण नेमके याच काळात चालू असते: पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यांच्या सल्ल्याने. तोवर जेथे इतर कुत्री विष्ठा करतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. याचा अर्थ त्याला घरात कोंडून ठेवावे असा मुळीच नाही. कडेवर किंवा टोपलीत घेऊन सकाळच्या वेळी महाद्वार रोडच्या कडेला दहा मिनिटे उभे राहावे, एसटी स्टँडजवळ गाडीत बसून येणारी-जाणारी माणसे दाखवावीत, फेटा बांधलेले, हेल्मेट घातलेले, काठी टेकत चालणारे लोक, म्हशी, रिक्षा आणि बुलेटचा आवाज यांची ओळख करून द्यावी, आणि प्रत्येक नव्या गोष्टीसोबत खाऊ द्यावा.

आवाजांची तयारी वेगळी करावी. कोल्हापुरात हलगी-घुमक्याचा कडकडाट, गणपतीच्या मिरवणुकीतील डॉल्बी आणि दिवाळीचे फटाके यांतून कोणत्याही कुत्र्याची सुटका नाही, आणि सणाच्या दिवशी सुरू केलेल्या सरावाचा उपयोग होत नाही. दोन-तीन महिने आधी मोबाइलवर हे आवाज जेमतेम ऐकू येतील इतक्या हळू लावावेत. आधी आवाज, मग लगेच कोंबडीचा तुकडा, आणि आवाज थांबला की खाऊही थांबवावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खाऊ आधी आणि आवाज मागून, तर पिल्लू खाऊलाच भिऊ लागण्याचा धोका असतो. आवाज रोज थोडा वाढवावा. पिल्लाने जांभया देणे, ओठ चाटणे, शेपूट पोटाशी घेणे किंवा आवडता खाऊ नाकारणे ही खूण दिसली, की आवाज जास्त झाला आहे असे समजून मागच्या पायरीवर यावे. प्रत्यक्ष मिरवणुकीत पिल्लाला कधीही नेऊ नये. त्या रात्री आतल्या खोलीत पंखा व टीव्ही लावून त्याच्याजवळ बसावे. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज खोटा आहे, त्याला मोकळेपणाने जवळ घ्यावे.

रस्त्यावर चालताना

पट्ट्याची सवय घरातच लावावी आणि पशुवैद्यांनी परवानगी दिल्यावर बाहेर पडावे. चालताना पिल्लू आपल्या मांडीजवळ, पट्टा सैल ठेवून आले की दर दोन-तीन पावलांना खुणेचा शब्द आणि तुकडा द्यावा, तोही मांडीच्या शिवणीजवळच, म्हणजे तीच जागा त्याला लाभाची वाटते. पट्टा ताणला गेला की तेथेच थांबावे, ओढू नये, बोलू नये. पिल्लाने मागे वळून पाहिले आणि पट्टा सैल झाला की पुढे निघावे. ओढून पुढे जाता येते असे एकदा जरी कळले तरी ते विसरायला फार दिवस लागतात, त्यामुळे घाईत असाल त्या दिवशी पिल्लाला उचलून घेतलेले बरे.

ठिकाणांची पायरी चढती ठेवावी: आधी परडे किंवा गच्ची, मग दुपारची सुनसान गल्ली, मग रंकाळ्याची भल्या पहाटेची कमी वर्दळीची बाजू. संध्याकाळची रंकाळा चौपाटी किंवा खासबागेजवळची खाऊगल्ली, जेथे जमिनीवर पदार्थांचे तुकडे पडलेले असतात आणि चारी बाजूंनी वास येत असतात, ही शेवटची परीक्षा आहे. तेथे तीन महिन्यांच्या पिल्लाकडून लक्षाची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. घरात बिनचूक बसणारे पिल्लू बाहेर बसत नाही, कारण जागा बदलली की त्याच्यासाठी धडा बराचसा नवा असतो, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्या पायरीपासून, अधिक चांगला खाऊ घेऊन सुरुवात करावी लागते. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसले नाही तर पिल्लाच्या पंजांनाही सोसणार नाही.

अनोळखी माणसे मायेने बिस्कीट पुढे करतात. त्यांना नम्रपणे थांबवावे आणि पिल्लू बसल्यावर त्यांच्याच हातून आपला तुकडा द्यायला सांगावे; कोणाचा अपमान होत नाही आणि पिल्लालाही माणसावर उडी मारण्याऐवजी बसल्याने खाऊ मिळतो हे कळते. गल्लीतली कुत्री भुंकत आली तर पिल्लाला त्यांच्यासमोर रेटू नये, रस्ता ओलांडावा.

खाऊ कमी कधी करावा

एखादी कृती दहापैकी आठ-नऊ वेळा पहिल्या शब्दावर होऊ लागली, की त्या ठिकाणापुरता खाऊ विरळ करावा. आधी दोनदा केल्यावर एकदा, मग कधी लागोपाठ तर कधी चौथ्या वेळी, असा अंदाज न येणारा क्रम ठेवल्यास कृती अधिक टिकाऊ होते. खुणेचा शब्द मात्र खाऊ देणार असाल तेव्हाच उच्चारावा. इतर वेळी ‘शाबास’ म्हणून पाठ थोपटावी. आणि रोजच्या जगण्यातील बक्षिसे हाताशी घ्यावीत: दार उघडण्यापूर्वी बसणे, जेवणाची थाळी खाली ठेवेपर्यंत थांबणे, चेंडू फेकण्यापूर्वी नजर मिळवणे. दार उघडणे, थाळी आणि चेंडू हीच मग बक्षिसे होतात. ‘ये’ या शब्दाचा खाऊ मात्र आयुष्यभर पूर्णपणे बंद करू नये.

सहा-आठ महिन्यांच्या सुमारास कुत्रे वयात येऊ लागते आणि शिकलेले सारे विसरल्यासारखे वागते. या काळात आवाज चढवण्यापेक्षा दोन पायऱ्या खाली यावे, खाऊ पुन्हा वाढवावा, आणि मोकळे सोडणे बंद करून लांब दोरीवर यावे; काही महिन्यांत गाडी रुळावर येते. पण स्वच्छतेची सवय पक्की झालेले पिल्लू अचानक घरात वारंवार लघवी करू लागले, खाऊवरचे मन उडाले, किंवा ‘बस’ म्हटल्यावर बसायला कुरकुरू लागले, तर ती शिकवणीची अडचण समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, पोटाचा विकार किंवा कंबरेचे दुखणे अशा रूपाने समोर येते, आणि तेथे आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. सराव पिल्लू बरे झाल्यावर सुरू करावा.